मादाम माँटेसोरी

विसावे शतक नुकतेच उजाडले होते. इटलीची राजधानी रोम येथील विद्यापीठात तत्त्वज्ञानाच्या वर्गाला एक नवी विद्यार्थिनी येऊन बसू लागली. तिशी ओलांडलेली ही बाई इतर विद्यार्थ्यांमध्ये सहज उठून दिसत असेल. परंतु खरे नवल तिच्या वयाचे नव्हते. ती डॉक्टर होती. याच विद्यापीठातून काही वर्षांपूर्वी तिने वैद्यकाची पदवी मिळविली होती. शिक्षकांना शिकविणाऱ्या एका संस्थेची सूत्रे तिने सांभाळली होती. देशोदेशीच्या सभांतून तिची भाषणे गाजली होती. हे सारे बाजूला ठेवून ती पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर येऊन बसली. आणि ते कशासाठी? तर लहान मुलांना कसे शिकवावे, हे तिला मुळापासून शिकावयाचे होते.

बाराखडी आणि बेरीज-वजाबाकी शिकविण्यासाठी एवढ्या विद्वान बाईने पुन्हा विद्यापीठात कशाला जावे, असे तुम्हांला वाटेल. तिच्या ओळखीच्या पुष्कळांनाही तेव्हा असेच वाटले असेल. कारण लहान मुलांना शिकविणे हे सर्वांत सोपे काम, ते कोणालाही जमते, अशी समजूत त्या काळी होती. आणि खरे सांगावयाचे तर ती अजूनही पुरती गेलेली नाही.

या विद्यार्थिनीचे नाव मारिया माँटेसोरी. आपल्याकडे त्यांना मादाम माँटेसोरी म्हणून ओळखतात.

मारियाचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील कियाराव्हाल्ले या लहानशा गावी झाला. वडील अलेस्सांद्रो हे सरकारी अधिकारी होते. ते शिस्तीचे आणि जुन्या वळणाचे गृहस्थ होते. आई रेनिल्दे हिला वाचनाची अतोनात आवड. त्या काळच्या इटलीत स्त्रियांच्या हाती पुस्तक क्वचितच दिसे. अशा वेळी या माउलीने आपल्या एकुलत्या एका मुलीला शिकण्यासाठी सदैव पाठबळ दिले. मारिया पाच वर्षांची असताना हे कुटुंब रोमला येऊन राहिले.

शाळेत मारियाला गणिताची गोडी लागली. तेराव्या वर्षाच्या सुमारास तिने मुलांच्या तांत्रिक शाळेत जाण्याचे ठरविले. आपण पुढे इंजिनिअर व्हावे, असे तिच्या मनात होते. वडिलांना हे पसंत नव्हते. मुलीला शिकावयाचेच असेल तर तिने शिक्षिका व्हावे, असे घरात सुचविण्यात आले. कारण सुशिक्षित स्त्रीला मोकळी असलेली वाट तेवढी एकच होती. मारियाने मात्र साफ नकार दिला. वाटेल ते होईन, पण शिक्षिका होणार नाही, असा तिचा बाणा होता. दैवाचा खेळ पाहा! शिक्षिका होण्याचे नाकारणाऱ्या या मुलीचे नाव पुढे जगभर शिक्षिका म्हणूनच गाजावयाचे होते.

काही वर्षांनी इंजिनिअर होण्याचा विचार मागे पडला आणि तिच्या मनाने डॉक्टर होण्याचे घेतले. त्या वेळी इटलीत डॉक्टर झालेल्या स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. वैद्यकाच्या प्राध्यापकांना ती भेटावयास गेली, तेव्हा त्यांनी तिला परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. पण ती मागे सरली नाही. १८९० साली तिने विद्यापीठात निसर्गविज्ञानाचा अभ्यास सुरू केला आणि दोन वर्षांनी ती परीक्षा उतरून वैद्यकाच्या शाखेचे दार उघडले.

तेथील दिवस सोपे नव्हते. प्रेताची चिरफाड करून शरीररचना शिकावी लागते. पुरुष विद्यार्थ्यांसमवेत एका मुलीने हे काम करणे अयोग्य समजले जाई. म्हणून सर्व विद्यार्थी निघून गेल्यावर, संध्याकाळच्या अंधारात, मारियाला एकटीने त्या खोलीत उभे राहून काम करावे लागे. तो दर्प तिला असह्य होई आणि भीतीही वाटे. पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर असे.

वडिलांचा राग पुष्कळ दिवस टिकला. शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला वर्गापुढे एक व्याख्यान द्यावे लागे. मारियाच्या व्याख्यानाच्या दिवशी अलेस्सांद्रो यांना वाटेत एक परिचित भेटले आणि मुलीचे व्याख्यान ऐकावयास येणार ना, असे त्यांनी विचारले. वडिलांना त्याची वार्ताही नव्हती. ते अनिच्छेनेच गेले आणि मागे जाऊन बसले. व्याख्यान संपताच टाळ्यांचा कडकडाट झाला आणि लोक या अबोल गृहस्थांचे अभिनंदन करू लागले. तेव्हापासून त्यांचे मन निवळले, असे सांगतात. १० जुलै १८९६ रोजी मारिया माँटेसोरी डॉक्टर झाल्या.

डॉक्टर म्हणून काम करताना त्यांना विद्यापीठाच्या मानसोपचार चिकित्सालयाच्या वतीने शहरातील वेड्यांच्या इस्पितळांत जावे लागे. ज्यांची बुद्धी वयाप्रमाणे वाढलेली नाही अशी मुलेही त्या काळी तेथेच, मोठ्या रोग्यांबरोबर, कोंडून ठेवलेली असत. अशाच एका खोलीतील गोष्ट आहे. खोली अगदी उघडीबोडकी होती. मुलांवर देखरेख करणारी बाई तक्रार करीत होती, की ही मुले इतकी अधाशी आहेत, की जेवण झाले तरी जमिनीवर पडलेल्या पावाच्या तुकड्यांवर तुटून पडतात. मारियाबाई ते पाहत उभ्या राहिल्या. मुले ते तुकडे खात नव्हती. ती ते चिमटीत धरून पाहत होती, दाबत होती, कुस्करत होती. त्या खोलीत हाताळण्याजोगी दुसरी एकही वस्तू नव्हती. मुलांची भूक पोटाची नव्हती, हातांची होती. इस्पितळातील इतरांना इतक्या दिवसांत जे दिसले नव्हते, ते या डॉक्टरीणबाईंना दिसले. या मुलांना औषधाहून शिक्षणाची गरज अधिक आहे, हा विचार त्यांच्या मनात येथेच पक्का होत गेला.

मग त्यांनी शोध सुरू केला. अशा मुलांना पूर्वी कोणी शिकविले होते काय? फ्रान्समधील दोन डॉक्टरांची पुस्तके त्यांना सापडली. एकाचे नाव ईतार. आव्हेरों भागातील रानात एकटाच वाढलेला एक मुलगा लोकांच्या हाती लागला होता. त्याला बोलता येत नव्हते. ईतारने कित्येक वर्षे त्या मुलाला शिकविण्याचा यत्न केला आणि ती हकीकत लिहून ठेवली. दुसरा सेगँ हा त्याचा शिष्य. त्याने मतिमंद मुलांसाठी शाळा काढून नाना प्रकारची साधने तयार केली होती. ही पुस्तके वाचकांच्या स्मरणातून जवळजवळ गेली होती. मारियाबाईंनी त्यांवरची धूळ झटकली.

१९०० साली रोममध्ये अशा मुलांच्या शिक्षकांसाठी एक विद्यालय निघाले. त्याला जोडून मुलांचा एक वर्गही होता. मारियाबाई या विद्यालयाच्या संचालकांपैकी एक होत्या. पहिल्याच वर्षी चौसष्ट शिक्षक तेथे दाखल झाले. संचालिकेने कचेरीत बसावे, पण बाई सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत मुलांमध्येच असत. दिवसा त्या मुलांना शिकवीत आणि त्यांच्याकडे बारकाईने पाहत. रात्री दिवसभराची टिपणे काढीत. साधनांत फेरफार करीत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पडताळून पाहत. असे बरेच दिवस चालले. शेवटी त्यांच्या काही विद्यार्थ्यांना नेहमीच्या मुलांबरोबर लेखन-वाचनाच्या सार्वजनिक परीक्षेस बसविण्यात आले आणि ती मुले उत्तीर्ण झाली! लोकांनी तोंडात बोटे घातली. जिकडे तिकडे बाईंचे कौतुक झाले.

बाई मात्र वेगळ्याच विचारात पडल्या. ज्यांची बुद्धी दुबळी, ती मुले जर निरोगी मुलांच्या बरोबरीला येऊ शकतात, तर मग ती निरोगी मुले एवढ्याशाच पायरीवर का थांबून राहिली? दोष मुलांत नसून शाळेत तर नसेल? सारे जग टाळ्या वाजवीत असताना हा प्रश्न विचारणे सोपे नव्हे. त्याचे उत्तर आपल्याजवळ नाही, ही गोष्ट बाईंनी स्वतःशी कबूल केली. १९०१ साली त्यांनी विद्यालयातील जागा सोडली आणि, वर सांगितल्याप्रमाणे, त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या.

या निर्णयामागे मनाचे दुःखही होते. १८९८ साली त्यांना मारिओ नावाचा मुलगा झाला होता. विवाह न होता हे मूल झाले होते, आणि तसे मूल आईने उघडपणे जवळ ठेवणे त्या काळच्या समाजाला मान्य नव्हते. मारिओ दूर खेड्यातील एका कुटुंबात वाढत होता. बाई अधूनमधून जाऊन त्याला पाहून येत. इतरांच्या मुलांसाठी दिवसाचे अकरा तास देणाऱ्या या स्त्रीला स्वतःच्या मुलाचा सहवास नव्हता. मारिओ पंधरा वर्षांच्या सुमारास आईकडे आला आणि पुढे जन्मभर तिच्या कामात तिचा उजवा हात झाला. पण ती नंतरची गोष्ट.

विद्यापीठात बाईंनी तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र यांचा अभ्यास सुरू केला. मानववंशशास्त्राचा व्यासंगही चालविला. पण त्यांचा खरा अभ्यास दोन ठिकाणी चालला होता. एक म्हणजे त्यांच्या लिहिण्याच्या मेजावर. ईतार आणि सेगँ यांचे ग्रंथ फ्रेंच भाषेत होते. ते बाईंनी पूर्वी वाचले होते. पण नुसत्या वाचण्याने त्यांचे समाधान होईना. म्हणून त्यांनी ते ग्रंथ इटालियनमध्ये उतरवून स्वतःच्या हाताने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत लिहून काढले. एकट्या सेगँचे पुस्तकच सहाशे पानांचे! छापखान्यांच्या युगात आपल्याकडील जुन्या काळच्या पोथ्यांप्रमाणे एखादा ग्रंथ हाताने नकलून काढावा, ही गोष्ट वेडेपणाची वाटेल. पण बाईंचा हेतू असा होता, की लिहिताना प्रत्येक शब्दापाशी थांबता यावे आणि लेखकाच्या मनात काय होते ते तोलून पाहावे. तुम्ही एखादा धडा नुसता वाचून पाहा आणि नंतर तो लिहून पाहा. म्हणजे या दोहोंतील अंतर तुमच्या ध्यानी येईल. हे काम संपत आले असताना सेगँचे दुसरे, इंग्रजीतील, पुस्तक त्यांच्या हाती आले. न्यूयॉर्कमधील एका डॉक्टराने टाकून दिलेल्या पुस्तकांत ते पडलेले होते. एका इंग्रज बाईची मदत घेऊन त्यांनी तेही समजून घेतले.

अभ्यासाचे दुसरे ठिकाण म्हणजे रोममधील प्राथमिक शाळा. बाई वर्गात जाऊन पाहत बसत. जड, जमिनीला खिळलेली बाके. त्यांत हालचाल न करता बसलेली मुले. समोर शिक्षकाचे बोलणे. चुकले की शिक्षा आणि बरोबर आले की बक्षीस. बसून बसून मुलांच्या पाठीला बाक येऊ नये म्हणून त्या काळी शास्त्रज्ञ नवनव्या घडणीची बाके शोधीत होते. डॉक्टर असलेल्या बाईंना याचे हसू येई आणि वाईटही वाटे. मुलाची पाठ वाकते ती बाक वाईट म्हणून नव्हे, त्याला तासन् तास बसवून ठेवतात म्हणून, हे साधे कारण कोणाच्या लक्षात येत नव्हते.

आता एक गमतीची गोष्ट. या अभ्यासाची पदवी बाईंनी घेतलीच नाही. तत्त्वज्ञानाचा तो पदवीक्रम त्यांनी पुरा केला नाही. पण १९०४ सालापासून त्याच विद्यापीठाच्या अध्यापन विद्यालयात त्या मानववंशशास्त्राच्या व्याख्यात्या म्हणून उभ्या राहिल्या. जेथे विद्यार्थिनी म्हणून बसत तेथेच शिकवू लागल्या. भावी शिक्षक त्यांची व्याख्याने मन लावून ऐकत. तथापि, निरोगी लहान मुलांना आपल्या रीतीने शिकवून पाहण्याची संधी त्यांना अजून मिळाली नव्हती. अभ्यास झाला होता, कसोटी राहिली होती.

ती संधी आली रोमच्या एका दरिद्री वस्तीतून. सान लोरेंत्सो हे त्या वस्तीचे नाव. तेथे पूर्वी घाईघाईने मोठमोठ्या इमारती उठविल्या गेल्या. मग बांधणाऱ्यांचे दिवाळे निघाले आणि अर्धवट राहिलेल्या त्या घरांतून गोरगरीब दाटीवाटीने राहू लागले. पुढे एका कंपनीने या इमारती विकत घेऊन दुरुस्त केल्या. नव्या भाडेकऱ्यांपैकी आईबाप दोघेही दिवसभर कामाला जात. मोठी मुले शाळेत जात. राहत ती तीन ते सहा वर्षांची चिल्लीपिल्ली. ती जिन्यांतून धावत आणि नव्याने रंगविलेल्या भिंती खराब करीत. ही नासधूस थांबावी म्हणून कंपनीचे प्रमुख एदोआर्दो तालामो यांनी या मुलांना एका खोलीत एकत्र ठेवण्याचे ठरविले आणि त्यासाठी मारियाबाईंना बोलाविले. म्हणजे भिंती वाचविण्याच्या काळजीतून ही जगप्रसिद्ध शाळा जन्माला आली!

विद्यापीठातील व्याख्यातीने गरिबांच्या चाळीतील मुले सांभाळावयास जावे, हे तिच्या ओळखीच्या प्रतिष्ठित मंडळींना शोभेसे वाटले नसेल. बाईंनी तो विचार केला नाही. ६ जानेवारी १९०७ रोजी हे बालगृह सुरू झाले. पन्नास-साठ मुले आली. कोणी रडणारी, कोणी घाबरून भिंतीला चिकटलेली, एकही शब्द न बोलणारी. मदतीला जी बाई मिळाली तिने शिक्षिकेचे शिक्षण घेतलेले नव्हते. मारियाबाईंना ते बरेच वाटले. जुन्या सवयी मोडून काढण्याचे कष्ट तरी वाचले. तिने मुलांना साधने द्यावीत, ती कशी वापरावीत ते दाखवावे आणि काय घडते ते आपल्याला सांगावे, एवढेच त्यांनी तिला बजावले.

एके दिवशी तीन वर्षांची एक मुलगी लाकडी दट्ट्यांशी खेळत होती. एका लाकडी ठोकळ्यात लहानमोठ्या गोल खाचा आणि प्रत्येक खाचेत नेमका बसणारा दट्ट्या, असे हे साधन होते. मुलगी सर्व दट्टे बाहेर काढी, मिसळून टाकी आणि ज्याच्या त्याच्या खाचेत बसवी. पुन्हा काढी, पुन्हा बसवी. बाई मोजू लागल्या. मुलीचे लक्ष विचलित होते की काय हे पाहण्यासाठी त्यांनी इतर मुलांना गाणे म्हणावयास सांगितले. मुलगी मान वर करीना. मग त्यांनी ती बसली होती ती खुर्ची तिच्यासकट उचलून टेबलावर ठेवली. मुलीने साधन मांडीवर घट्ट धरले आणि काम तसेच पुढे चालू ठेवले. चाळीसहून अधिक वेळा तिने ते केले. मग जणू झोपेतून जागी व्हावी तशी ती थांबली आणि प्रसन्नपणे हसली. ना बक्षीस, ना शाबासकी! तीन वर्षांच्या मुलाचे चित्त कोठेही ठरत नाही, असे मोठमोठ्या पुस्तकांत लिहिलेले बाईंनी वाचले होते. त्या मुलीपुढे ती पुस्तके खोटी ठरली.

दुसऱ्या एका दिवशी शिक्षिकेला यावयास उशीर झाला आणि साधनांचे कपाट उघडेच राहून गेले होते. ती येऊन पाहते तो मुलांनी आपापली साधने काढून कामाला सुरुवात केलेली. तिला वाटले, मुले चोर आहेत. यांना शासन झाले पाहिजे. मारियाबाईंना वेगळे वाटले. मुलांना कोणती वस्तू हवी हे त्यांचे त्यांना कळते, आणि तेवढीच वस्तू ते घेतात, असा याचा अर्थ त्यांनी लावला. त्यांनी मोठे कपाट काढून टाकले आणि मुलांचा हात पोचेल अशी ठेंगणी कपाटे ठेविली. मुलांना उचलता येतील अशी हलकी मेजे आणि लहान खुर्च्याही वर्गात होत्या. आज बालवाडीत गेले, की असे सामान दिसते आणि ते इतके ओळखीचे वाटते, की त्याचाही कोणी एकदा विचार केला असेल, हे आपल्या मनात येत नाही.

नाक कसे शिंकरावे, याचाही धडा बाईंनी एकदा दिला. थोड्या गमतीनेच त्यांनी रुमाल कसा धरावा, आवाज होऊ न देता नाक कसे साफ करावे, हे करून दाखविले. मुले एकाग्रतेने पाहत होती; कोणीही हसले नाही. धडा संपला आणि सर्वांनी एकदम टाळ्या वाजविल्या! बाई चकित झाल्या. मग त्यांच्या ध्यानात आले. शेंबडी म्हणून या मुलांना सगळेच हिणवीत, पण शेंबूड कसा पुसावा हे त्यांना आजवर कोणी शांतपणे शिकविले नव्हते. मुलांच्या मानाला लागलेला डाग त्या दिवशी पुसला गेला होता.

पाहुणे खाऊ आणीत. एकदा कोणीतरी वेगवेगळ्या आकारांची बिस्किटे आणली. मुलांनी ती हातात घेऊन पाहिली आणि हे वर्तुळ, हा आयत, अशी त्यांची नावे सांगावयास सुरुवात केली. खाण्याची घाई कोणालाच नव्हती.

एवढ्या लहान मुलांना लिहावयास शिकविण्याचा बाईंचा विचार नव्हता. पण आयांनीच आग्रह धरला. त्या स्वतः निरक्षर होत्या. आपल्या मुलांना अक्षरओळख व्हावी, अशी त्यांची इच्छा होती. मग बाईंनी काचकागदाची अक्षरे कापून पुठ्ठ्यावर चिकटविली. मूल त्या खरखरीत अक्षरावरून बोट फिरवी आणि त्याचा उच्चार ऐके. डोळा, कान आणि बोट यांना अक्षर एकाच वेळी ओळखीचे होई. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात, ऊन पडलेल्या एका दिवशी, बाई मुलांसह गच्चीवर बसल्या होत्या. जवळच धुराडे होते. त्यांनी पाच वर्षांच्या एका मुलाला खडू देऊन धुराड्याचे चित्र काढावयास सांगितले. त्याने फरशीवर चित्र काढले. बाईंनी कौतुक केले. मुलगा क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिला आणि मग आपल्याला लिहिता येते, असे एकदम ओरडून खाली वाकला. त्याने हात हा शब्द लिहिला. मग धुराडे लिहिले, मग छप्पर. त्याचा आरडाओरडा ऐकून बाकीची मुले भोवती जमली आणि थरथरत्या हातांनी खडू मागू लागली. त्यांनीही शब्द लिहिले. लिहावयाचे कसे, हे त्यांना कोणीही सांगितले नव्हते. ती मुले पुढे कित्येक दिवस जमिनीवर, दारांवर, घरी पावाच्या कडांवरसुद्धा लिहीत सुटली. आयांना कागद-पेन्सिली आणून देणे भाग पडले. ज्या भिंती वाचविण्यासाठी हे बालगृह निघाले होते, त्यांवर आता अक्षरे उमटू लागली होती!

पुढील यशाची हकीकत थोडक्यात सांगितली तरी चालेल. १९०९ साली बाईंनी आपली पद्धती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी शिक्षकांसाठी पहिला प्रशिक्षणवर्ग घेतला. ग्रंथाची अनेक भाषांत भाषांतरे झाली. थोड्याच काळात त्यांनी वैद्यकीचा व्यवसाय सोडून दिला. १९१३ साली त्या अमेरिकेस जाऊन आल्या. पुढे इटलीत मुसोलिनीची सत्ता आली. त्याने आरंभी या शाळांना आश्रय दिला. पण मुले स्वतः विचार करणारी व्हावीत हे बाईंचे ध्येय आणि सर्वांनी एका हुकुमाने चालावे हे त्याचे, यांचा मेळ बसणे शक्य नव्हते. १९३४ साली इटलीतील माँटेसोरी शाळा बंद पडल्या आणि बाईंना देश सोडावा लागला. १९३६ मध्ये स्पेनमधील यादवी युद्धामुळे तेथूनही निघावे लागले.

आपल्या देशात त्यांचे विचार त्यांच्या आधीच येऊन पोचले होते. गिजुभाई बधेका नावाचे एक वकील होते. माँटेसोरीबाईंचे ग्रंथ वाचून त्यांनी वकिली सोडली आणि १९२० साली भावनगर येथे बालमंदिर काढले. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक या पदवीधर विदुषी राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य होत्या. १९२३ साली ते मानाचे पद सोडून त्या गिजुभाईंच्या बालमंदिरात काम करावयास आल्या. प्राचार्यपदावरून उतरून बालकांच्या पंक्तीत येऊन बसण्याचा हा प्रसंग वाचताना रोम विद्यापीठातील त्या विद्यार्थिनीची आठवण होते. पुढे १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी येथे आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी बालशिक्षणाचे कार्य उभे केले. परदेशातील महागडी साधने तेथे परवडणारी नव्हती. ताराबाईंनी शंख-शिंपले, बिया, पाने, गोटे यांचीच साधने केली.

माँटेसोरीबाई १९३९ च्या नोव्हेंबरात मद्रासजवळ अड्यार येथे आल्या. गिजुभाई त्याच वर्षी जूनमध्ये वारले होते. ज्यांच्या ग्रंथांनी त्यांचे आयुष्य पालटले, त्या बाईंना या भूमीवर पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. अड्यारच्या वर्गाला देशाच्या कानाकोपऱ्यांतून तीनशेहून अधिक शिक्षक जमले. बाई इटालियनमध्ये बोलत आणि मारिओ त्याचे इंग्रजी करून सांगत. जून १९४० मध्ये इटली महायुद्धात उतरली. इटालियन नागरिक म्हणून सरकारने मारिओंना छावणीत ठेविले आणि बाईंना अड्यारची हद्द ओलांडण्यास बंदी केली. पण ३१ ऑगस्टला, बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी, व्हाइसरॉयने मारिओंची सुटका केली. एके काळी ज्या मुलापासून दूर राहावे लागले, तो त्या दिवशी त्यांना परत मिळाला.

युद्ध संपेपर्यंत बाई भारतातच राहिल्या. शिक्षकांचे वर्ग चालूच होते. कोडाईकनालच्या डोंगरात दोन वर्षे राहून त्यांनी मोठ्या मुलांच्या शिक्षणाचाही अभ्यास केला. १९४६ साली त्या युरोपला परतल्या, पुन्हा येऊन गेल्या आणि अखेर हॉलंडमध्ये राहिल्या.

६ मे १९५२ रोजी नोर्डवाइक या समुद्रकाठच्या गावी त्या बसल्या होत्या. वय एक्क्याऐंशी होते. आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट या प्रदेशात, म्हणजे आजच्या घानात, जाऊन तेथील शिक्षकांना शिकवावे, असा त्यांचा विचार चालला होता. इतक्या दूरचा प्रवास या वयात झेपणार नाही, असे मारिओ त्यांना समजावून सांगत होते. मग आपला आता काही उपयोग उरला नाही काय, असे बाईंनी विचारले. मारिओ काही कामासाठी खोलीबाहेर गेले. ते परत आले तेव्हा बाईंची प्राणज्योत मालवली होती.